दोन दाब

औषधांच्या बाबतीत आपला हात धरणारा अख्ख्या ताजिमी गावात कुणी नाही, असं इवामुरा तोकुजींचं ठाम मत होतं. टाइल्सच्या कारखान्यात चाळीस वर्षं भट्टीचं तापमान सांभाळलेला माणूस, त्याला दोन थेंब आणि एक गोळी काय जड?

थेंब डोळ्यांचे होते. काचबिंदू निघाला, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टर हिराइवा बाईंनी बराच वेळ समजावून सांगितलं. तोकुजींनी त्यातलं एकच वाक्य घरी आणलं: दाब कमी करायचा.

रक्तदाबाची गोळी ते दुसऱ्या डॉक्टरांकडून आधीपासूनच सकाळी घेत होते. आता जुन्या उरलेल्यांतली आणखी एक झोपताना सुरू केली. खारट मिसो सूप बंद. लोणचं बंद. एकट्याचं नव्हे, बायकोचंही. सोनोए बिचारी सहा महिने अळणी भात गिळत राहिली. यंत्रावर वरचा आकडा ब्याण्णव आला, त्या दिवशी तोकुजी मुलगा पहिला आल्यासारखे हसले.

गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या सभेत तर ते रक्तदाबावर चार शब्द बोलायलाच उठले. उठले खरे, पण एकही शब्द न बोलता चहाच्या पेल्यांवर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सोनोएने घरातली सगळी औषधं पिशवीत भरली आणि त्यांना हिराइवा बाईंसमोर नेऊन बसवलं. बाईंनी गोळ्या पाहिल्या, नव्या तपासणीत डावीकडची नजर आणखी घटलेली पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

“इवामुरा-सान, दाब डोळ्यातला कमी करायचा होता. तो तुमचा तसा चारचौघांसारखाच, पण तुमच्या डोळ्याच्या नसेला तेवढाही सोसत नाही. आणि रक्ताचा दाब असा पाडलात, तर त्या नसेपर्यंत रक्त पोचणार कसं?”

तोकुजींनी गेलेली नजर परत येईल का, ते विचारलं. नाही, पण उरलेली जपता येईल, बाई म्हणाल्या. जास्तीची गोळी बंद झाली, आणि सकाळच्या गोळीबद्दल बाईंनी त्या दुसऱ्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

एवढ्या मेहनतीने आपणच आपला डोळा खाल्ला, हे परतताना तोकुजींना गिळवत नव्हतं.

संध्याकाळी लोणचं पुन्हा ताटलीत आलं, आणि सोनोए जेवायला समोर न बसता त्यांच्या डावीकडे बसली. त्या बाजूचं त्यांना आता अंधुक दिसायचं. आपल्याला आधार द्यायला बसली असणार, या विचाराने त्यांनी सरकून तिला जागा केली.

“इकडे का गं बसलीस?”

“लोणचं तुम्हाला बेतानेच द्यायला सांगितलंय,” त्यांच्या ताटलीतल्या दोन फोडी उचलत ती म्हणाली. “इकडून घेतलं की तुम्हाला दिसत नाही.”