ग्रीक शेतकऱ्याचं बारसं

आमच्या भिसेगावात नावं ठेवणारे पुष्कळ. नाव ठेवावं तर मीच!

मी कर्जत स्टेशनातला पार्सलबाबू. घाटात गाडी ढकलणाऱ्या इंजिनाचा गोवेकर ड्रायव्हर जॉर्ज माझा दोस्त. मला मुलगा झाल्याचं कळलं तसं तो म्हणाला, "माझंच नाव ठेव, बाबू! मूळचं ग्रीक. अर्थ शेतकरी! फ्रान्सात झोर्झ, स्पेनात होर्हे, विलायतेत तर थेट गादीवर!"

आमचे आजे-पणजे भातशेती करून मेले, आणि नातू राजा! मी हरखलोच.

बारसं सासुरवाडीला, खालापूरला. त्याच दिवशी बायकोला, जयवंताला, पोरासकट घरी आणायचं ठरलं होतं. स्वतःच्या हातचं पिठलं खाऊन खाऊन मी मेटाकुटीला आलो होतो.

नाव ठेवायचा मान आत्याचा. माझ्या बहिणीकडून, गोदाक्काकडून, मी ते वाटभर घोकून घेतलं.

"ध्यानात हाय रं! मडमेवानी म्हणते बघ!"

तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. बायका तिच्या पाठीत धपके घालायला हात उगारून सज्ज!

"काय नाव गं, आत्याबाई?"

गोदाक्का खणखणीत आवाजात म्हणाली, "जारज!"

हात वरच्या वर राहिले. सासरे आबाजी देवळात पोथी सांगणारे. ते ताडकन उठले.

"जारज? म्हंजी बापाचा पत्ता नाय असं पोर? भर बारशात माझ्या लेकीवर आळ?"

"अहो, जॉर्ज! माझ्या ड्रायव्हर दोस्ताचं नाव! ग्रीकमध्ये शेतकरी..."

"मराठीत बोला!"

"मराठीतच तेवढा अर्थ वाईट आहे हो!"

गोदाक्काच्या वाटणीचे धपके माझ्या पाठीत पडले. जयवंतानं डोळ्याला पदर लावला. "मी नाय यायची आता. त्या डायवरसंगट संसार करा!"

मी आबाजींचे पाय धरले आणि जॉर्जनं सांगितलेलं सगळं पुराण त्यांना ऐकवलं. ऐकता ऐकता ते खो खो हसायला लागले.

"शेतकरीच पायजे, तर आपला बळीराम काय वाईट हाय? त्याच्या खांद्यावर नांगरच हाय! आन् व्याह्यांचं नाव बी राहील."

बळीराम म्हणजे माझे वडील! जन्मभर बापाचं नाव लावत आलो, आणि शेतकरी शोधायला ग्रीसला गेलो!

जयवंता घरी आली. हुश्श म्हणतो, तोच तिनं विचारलं, "सासऱ्याचं नाव मी कसं घेऊ? पोराला हाक काय मारू?"

तोडही तिलाच सुचली.

आता पोरगं आळीभर हुंदडतं. दिवेलागणीला जयवंता ओट्यावर उभी राहते आणि साऱ्या भिसेगावाला ऐकू जाईल अशी ओरडते, "जारज्याऽऽ, जेवाय ये रं! बापूस वाट बघतोय!"

बापूस तेव्हा माजघरात दार लावून बसलेला असतो.