उचकी आणि मूठभर सांबार

गोजराबाई रुसून लेकीकडे मानोऱ्याला निघून गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याला, चंपतला, उचकी लागली. घ्या! "जाय! तुह्या नावानं मले उचकीबी नाही लागनार," असं रिसोडच्या भरल्या बाजारात त्यानेच तर बजावलं होतं.

भांडण कशावरून, तर मूठभर सांबारावरून. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे हेच नाव. भाजी तोलून झाली की गोजराबाई गिऱ्हाइकाच्या थैलीत वरून चार काड्या टाकायची. त्या दिवशी चंपतने एका बाईच्या थैलीत हात घालून त्या काड्या परत काढल्या. वर गोजराबाईला म्हणाला, "तुह्या बापानं पाठवला काय सांबार?" तिचा बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. गोजराबाईने तराजू खाली ठेवला आणि सरळ एसटी स्टँड गाठलं.

आता घरी रांधणार कोण? चंपतने शिळी भाकर आणि मिरचीचा ठेचा उभ्याउभ्याच गिळला, आणि हिक! छातीत झटका, पोट आत, घशात टक्कन आवाज. पाणी पिऊन झालं, साखर खाऊन झाली, श्वास कोंडून डोळे लाल झाले. उचकी काही हटेना.

बाजारात त्याच्या शेजारी कुलपं दुरुस्त करणारा इस्माईल बसायचा. तो म्हणाला, "कोनी तरी याद करून राह्यलं, चंपतभाऊ. एकेक नाव घे. बराबर नावावर थांबते."

चंपतने मेलेल्या आत्यापासून जावयापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन पाहिली.

"भाभीचं घे ना!"

"हिक! अंजूची माय."

"हे काय नाव झालं? नाव घे, नाव!"

बायकोचं नाव त्याने लग्नात घेतलं होतं, तेवढंच. तो उठला आणि डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर म्हणाले, "घाईनं तिखट गिळलं ना? छाती आन पोटाच्या मधात पडदा राहते. तो चिडला की आखडते, हवा आत वढल्या जाते, आन घशातलं झाकन फटकन लागते. निवांत बसून जेवत जा."

"निवांत वाढनारी मानोऱ्याले हाय. हिक!"

"मंग मानोऱ्याले जा. इथं कायले आले?"

हा सल्ला चंपतला फार आवडला. आता माफी मागायची गरज नव्हती. नुसती उचकी दाखवायची. पण वाटेत एसटीने मंगरूळपीर मागे टाकलं आणि उचकी थांबली! त्याने पोट दाबलं, मिरचीची भजी न चावता गिळली. छे! गेली ती गेलीच.

मग लेकीच्या दारात त्याने घशातूनच एक काढली. "हिक! पाह्य, अंजूची माय, कशी याद करून राह्यली तू मले!"

गोजराबाईने त्याच्या पोटावर हात ठेवला. "खऱ्या उचकीनं पोट वढते. तुमचं तं नुसतं तोंडच हालून राह्यलं."

अंजू तोंड दाबत आत पळाली. चंपत उंबऱ्यावर बसला. ज्या सासऱ्याने वाफे बांधायला शिकवलं, त्यालाच आपण बाजारात ओढलं. फार वाईट वाटलं त्याला.

"गोजरा," तो हळूच म्हणाला, "चुकलं माहं."

ती म्हणाली, "हे इथं कायले सांगता? बोलले तं बजारात होते."

पुढच्या बाजाराला ती आली, पण तराजूला हात लावला नाही. पाण्याचा तांब्या घेऊन बसली. तीच गिऱ्हाईक बाई समोर आली. चंपत उभा राहिला, घसा खाकरला, तोंड उघडलं आणि हिक! खरीखुरी, पोट ओढणारी.

"नाव घे, चंपतभाऊ!" इस्माईल ओरडला.

"गोज... हिक! गोजरा! माहं चु... हिक! चुकलं वं! तुह्या बापानं मले वाफे... हिक! वाफे बांधाले शिकवले, आन मी त्याइलेच..."

सगळा बाजार मान वळवून पाहू लागला. चंपतच्या डोळ्यांत पाणी आलं. उचकीचं की आणखी कशाचं, देव जाणे. तांब्या गोजराबाईच्या हातातच होता, पण तिने तो पुढे केला नाही. बापाबद्दलचं सगळं, उचक्यांसकट, पूर्ण ऐकून घेतलं.

मग बाईच्या थैलीत मूठभर सांबार टाकला आणि चंपतला म्हणाली, "प्या आता."