सासऱ्यांची आरामखुर्ची

सासूबाईंना खूष करावं, एवढाच माझा गुन्हा. दिवंगत सासऱ्यांची अक्रोडाच्या लाकडाची आरामखुर्ची तळघरात धूळ खात पडली होती. ती मी तीन जिने चढवून दिवाणखान्यात आणली आणि दुपारच्या पास्त्यानंतर तिच्यात पसरू लागलो. (फेर्राराच्या जुलैतल्या उकाड्यात माणूस दुसरं काय करणार?)

चौथ्या दिवशी कमरेपासून मानेपर्यंत लाल गांधी उठल्या.

"ढेकूण," माझ्या बायकोने, लोरेदानाने, निकाल दिला. "रिमिनीच्या त्या टुकार हॉटेलातून आणलेस. ते जाईपर्यंत माझ्या पलंगाजवळ फिरकायचं नाही."

"ढेकूण कसले? वारा लागलाय त्याला," सासूबाई म्हणाल्या. (त्यांच्या मते इटलीत माणसं फक्त वारा लागून मरतात.) त्यांनी मला लोकरीचा बनियन चढवायला लावला आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

पलंग बंद, म्हणून झोपायला तीच खुर्ची. तिच्यात झोपलं की गांधी वाढत, आणि गांधी वाढल्या की हद्दपारी वाढे. नगरपालिकेत बावीस वर्षं जन्ममृत्यूचे दाखले देतोय, पण एवढा वैताग मला लोकांनीही कधी दिला नव्हता. तीन आठवड्यांनी मी मुकाट्याने औषधांच्या दुकानात गेलो.

दुकानातल्या बाईंनी पाठ पाहिली आणि हळूच विचारलं, "घरात तार्लो आहे का?"

आता आमच्याकडे लाकूड पोखरणारा किडाही तार्लो आणि मन पोखरणारी काळजीही तार्लो. इतक्या मायेने मला कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. माझा बांधच फुटला.

"आहे हो. नऊ वर्षं झाली. सासरे गेल्यावर राहायला आली, ती जायचं नावच घेत नाही."

"रात्री आवाज येतो?"

"घोरते."

"खाली भुसा पडतो?"

"भुसा नाही, पण बिस्किटांचा चुरा घरभर."

"अहो, मी लाकडाचं विचारतेय."

"आणि मी इथेच उभी आहे," मागून आवाज आला. सासूबाई रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला रांगेत होत्या.

बाईंनी घाईघाईने विषय लाकडावर नेला, तेव्हा मी खुर्चीचं सांगितलं. लाकडात भुंगेऱ्याच्या अळ्या असणार. त्यांच्यावर जगणारी मुंगीएवढी गांधीलमाशी असते. ती अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. माणसाला मात्र चुकून डसते. खुर्ची घराबाहेर काढली की त्रास थांबेल.

म्हणजे मी निर्दोष होतो. तीन जिने मी धावत चढलो.

"ढेकूण नाहीत, लोरेदाना. माशी आहे, खुर्चीतली. अळी समजून ती चुकून मला डसते."

"अळी कशी असते गं, आई?" लोरेदानाने मागून धापा टाकत आलेल्या सासूबाईंना विचारलं.

"पांढरी, गुबगुबीत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "खायचं आणि एका जागी पडून राहायचं. दुसरा उद्योग नाही."

लोरेदानाने मला बनियनसकट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझी उशी उचलून पलंगावर परत ठेवली.

"मग त्या बिचारीची चूक कुठे झाली?" ती म्हणाली.