अर्धं पंचफुलाचं

पूजेला बसावं तसं आयकराचं रिटर्न भरायलाही जोडीनं बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या दिग्रसचा देवमन मिस्त्री. जुलै लागला की तो माझ्या ऑफिसात हजर. अंगावर लग्नातला कोट, त्याच्या कोपरावर वार्निशचा डाग, आणि मागे इस्त्रीच्या लुगड्यातली पंचफुलाबाई. मी एकच खुर्ची पुढे केली तर हा उभाच राहायचा. दुसरी खुर्ची आली, बायको बसली, की मग स्वतः बसायचा आणि म्हणायचा, "हं, वकीलसाहेब. करा सुरू."

मी वकील नाही. लोकांचे कराचे कागद भरून देणारा साधा सल्लागार. पण टेबलावर कागदांचा ढीग असलेला माणूस दिग्रसमध्ये वकीलच असतो.

देवमनचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. विहिरीवरची मोटर जळली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार बसवायची, वर वार्निश द्यायचं. याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. ती वर्षं कापसाला फार वाईट गेली. भाव पडलेले, विहिरी तळाला गेलेल्या, आणि वीज यायची ती इतकी मरतुकडी, की मोटरी पटापट जळायच्या. बाजारात सगळ्यांचे धंदे बसले होते, देवमनचा तेवढा चालला होता. त्याची त्याला लाज वाटे. "लोकायच्या मोटरी जळतात म्हणून आपली चूल पेटते, साहेब," तो म्हणायचा. "निदान सरकारले तं खरं सांगावं."

सगळी दुनिया तो मोटरीच्या भाषेत मोजायचा. नगरपालिकेतला बाबू सिंगल फेज. त्याचा मेहुणा आवाज जास्त अन् पाणी कमी. एकदा मी विचारलं, "आणि मी कसा रे?" त्यानं जरा विचार केला. "मोटर चांगली आहे तुमची. पण स्टार्टर लवकर उचलत नाही."

वर्षाचा जमाखर्च तो शाळेच्या वहीत लिहून आणायचा. खर्चात गिऱ्हाइकांना पाजलेले चहा वेगळे आणि स्वतः प्यालेले वेगळे. स्वतःच्या चहांपुढे लिहिलेलं असायचं, 'हे धरू नये. दुकान नसतं तरी प्यालो असतो.'

पहिल्या वर्षी मी बेरीज केली. उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर जात होतं, म्हणजे थोडा कर बसत होता. मी आकडा सांगितला. देवमननं मान हलवली आणि म्हणाला, "बरं. आता याच्यातलं अर्धं हिच्या नावानं लिहा."

मला वाटलं, माणूस दिसतो त्याहून हुशार आहे. उत्पन्न दोघांत वाटलं तर दोघंही मर्यादेच्या खाली, आणि कर शून्य. मी हसत म्हणालो, "मिस्त्री, युक्ती चांगली आहे."

त्याला राग आला. "युक्ती नाही, साहेब. अर्ध्या मोटरी हे भरते. मंग तिचं माझ्या नावावर कायले?"

"पण एका कागदावर दोघांचं नाही लिहिता येत. नवऱ्याचं रिटर्न वेगळं, बायकोचं वेगळं."

"लगन एक, राशनकार्ड एक, चूल एक. अन् कागद दोन काहून?"

मी म्हटलं, कायदा तसा आहे. शिवाय आणखी एक भानगड आहे. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला मेहनताना दिला, तर तो पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. तिच्या अंगी त्या कामाचं खास ज्ञान असेल तरच तो तिचा राहतो.

"मंग आहे नं," देवमन म्हणाला.

पंचफुलाबाई पदर सावरत खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, "राहू द्या नं, भाऊ. सगळं यायच्याच नावानं लिहा. मी काय, हाताखाली बसतो नुसती."

"तू चूप बस," देवमन म्हणाला. "लिहा, साहेब. अर्धं."

मी दोन फॉर्म भरले. त्या वेळी त्या फॉर्मचं नाव 'सरल' होतं. ते भरताना मला नेहमी हसू यायचं, त्या दिवशी जास्तच आलं.

दोन वर्षं असंच चाललं. तिसऱ्या वर्षी यवतमाळहून नोटीस आली. पत्नीच्या नावे दाखवलेल्या उत्पन्नाचा खुलासा करावा, पत्नीस सोबत आणावे. ऐन मे महिन्यात आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं निघालो. देवमन कोटात घामानं भिजून गेला होता, पण काढायला तयार नव्हता. "सरकारच्या घरी चाललो नं," म्हणे.

आयकर ऑफिसातले साहेब तरुण होते, पुण्याकडचे. माणूस सभ्य, पण उन्हानं वैतागलेला. डोक्यावरचा पंखा इतका सावकाश फिरत होता की त्याची पाती मोजता येत होती. साहेबांनी कागद चाळले आणि देवमनला म्हणाले, "कर वाचवण्यासाठी बायकोचं नाव टाकणारे आमच्याकडे रोज येतात. बाईंचं उत्पन्न तुमच्यात मिळवतो, होणारा कर भरा आणि मोकळे व्हा."

देवमननं खिशातून नोटांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. "कर घ्या, साहेब. दोन्ही वर्साचा घ्या. पण तिचं अर्धं माझ्या नावावर चढवू नका."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. कर द्यायला राजी आणि बायकोचा वाटा घ्यायला नाराज, असा करदाता त्यांच्या प्रशिक्षणात आलेला नसावा.

शेवटी ते बाईंकडे वळले. "तुम्हाला खरंच मोटर भरता येते?"

"कोणती, साहेब? तीन हार्सपावरची का पाचची?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग बाई एकदम बोलायला लागली. कोणत्या मोटरीला किती जाड तार लागते, किती वेढे, एक वेढा कमी झाला तर काय होतं, ओलं वार्निश किती ऊन खातं. बोलता बोलता तिनं वर पाहिलं. "या पंख्याचं कंडेन्सर गेलं आहे. बदललं का पळन."

साहेबांनी शिपायाला पाठवून समोरच्या दुकानातून कंडेन्सर मागवलं. पंचफुलाबाईनं लाइट बंद करायला लावली, लुगडं खोचलं, स्टुलावर चढली. पाच मिनिटांत पंखा असा सुटला की टेबलावरचे सगळे कागद खोलीभर झाले. आमची नोटीस पार दारापर्यंत गेली. साहेब स्वतः वाकून कागद गोळा करत हसत होते. सगळे जमल्यावर त्यांनी लिहिलं, 'सदर महिलेस कामाचे तांत्रिक ज्ञान आहे. तिचे उत्पन्न तिचेच धरावे.' आणि नोटांचं पुडकं परत केलं.

स्टँडवर बस यायला वेळ होता. पंचफुलाबाई संत्री आणायला गेली. देवमन बाकावर बसला होता. इतका मोठा विजय झाला, पण याचा चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "मिस्त्री, आता खूश व्हा की."

"खोटंच लिहिलं नं आपण, साहेब," तो म्हणाला.

मी म्हटलं, "म्हणजे? बाईंना तर सगळं येतं."

"तेच म्हणतो. अर्धं नाही, सगळंच तिचं आहे. माझे डोळे चालले, साहेब. डॉक्टर म्हणते, गेली ते नजर परत येत नाही. बारीक तार तं तीन वर्सापासून दिसत नाही मले. मी आपला अंदाजानं भरतो. अन् मी जेवून झोपलो का हे उठते, मी भरलेली तार उपसते, पुन्हा भरते, अन् मोटर होती तिथं ठेवून देते. सकाळी म्हणते, तुमचं काम झालं बरं का, गिऱ्हाईक येईन आता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तारेच्या वेढ्यायले मी दोरा बांधतो तं गाठ डाव्या अंगाले येते. हिची उजव्या. बोटाले तं दिसते नं, साहेब."

मी विचारलं, "मग तिला सांगितलं का नाही?"

"कायले? तिले वाटते मले माहीत नाही. मले कळू नये म्हणून एवढी मरमर करून राह्यली. मी बोललो तं तिची सगळी मेहनत वाया." त्यानं कोटाची गुंडी उगाच लावली आणि काढली. "घरात नाही बोलता येत. म्हणून म्हटलं, सरकारच्या कागदावर तरी तिचं नाव येऊ द्या. सगळं लिहिलं असतं तं तिले समजलं असतं. म्हणून अर्धं."

बाई संत्री घेऊन आली. तिनं एक सोलून त्याच्या तळहातावर फोडी ठेवल्या, मोजून, एकेक. मला आजवर वाटायचं, ती नवऱ्याचे लाड करते. बस आली तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "पायरी उंच आहे हो इथली," आणि जणू मलाच सांगितलं असावं, तसं माझ्याकडे पाहिलं.

पुढल्या जुलैत ती एकटीच आधी येऊन गेली. म्हणाली, "भाऊ, औंदा यायचं जास्त लिहा. बरंच काम केलं यायनं." दुसऱ्या दिवशी देवमन येऊन कानात म्हणाला, "साहेब, औंदा माझं थोडं कमी करा. तिले कळू नये असं." मी दोघांनाही बरं म्हटलं.

नंतर त्यांचं दुकान पाहायला म्हणून एकदा गेलो. देवमन बाहेर खाटेवर बसला होता. मारेगावकडून एक माणूस जळलेली मोटर घेऊन आला होता. तो देवमनपुढे मोटर ठेवून म्हणाला, "मिस्त्री, पाहा बरं जरा."

देवमननं मोटरीवरून हात फिरवला, वास घेतला आणि आतल्या बाजूला मान वळवली.

"मले नको दाखवू," तो म्हणाला. "मिस्त्री आत आहे."

आतला ठोकण्याचा आवाज थांबला. पुष्कळ वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.