घराचा हरवलेला कोपरा

मी फक्त एक रोप आणलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली ओळखीचे लोक भेटले की म्हणतात, "तुम्ही म्हणे सगळं घर उलटंपालटं केलंत!" सुरुवात तशी नव्हती. काचेच्या भांड्यात बांबूच्या चार कांड्या आणि त्यांना बांधलेली लाल फीत, एवढंच. दुकानातल्या बाईंनी ते कागदात गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "कुठल्या दिशेला ठेवणार?"

"टीव्हीशेजारी," मी म्हणालो.

खोकल्याचं औषध कानात घालणार आहे असं मी सांगितलं असतं, तरी त्यांनी माझ्याकडे याहून बरं पाहिलं असतं. त्यांनी कपाटातून फेंगशुईचं एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. (तिथून नुसतं रोप घेऊन निघता आलं असतं. पण मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो. नट कुठे, बोल्ट कुठे, वॉशर कुठे, हे सांभाळणं हेच माझं आयुष्य. एखादी वस्तू चुकीच्या जागी आहे असं कुणी नुसतं म्हटलं, तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही.)

पुस्तक चांगलं होतं. घरात दारातून एक ऊर्जा येते, तिला सभ्य पाहुण्यासारखं सगळीकडे हिंडता आलं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या घरात ती आली असती तर आधी चपलांच्या कपाटाला धडकली असती, मग आप्पांच्या खुर्चीला, आणि शेवटी फ्रीजमागे जाऊन अडकली असती. शिवाय आमचं घर काटकोनी वळलेलं. घराचा कुठला कोपरा कशाचा, हे सांगणारा पुस्तकातला नकाशा आमच्या घरावर ठेवून पाहिला, तर एक कोपरा चक्क गायब!

"अगं, आपल्या घराला मदत करणाऱ्या माणसांचा कोपराच नाही," मी बायकोला हाक मारून सांगितलं.

"तरीच!" ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "तरीच लग्न झाल्यापासून मी एकटीच राबतेय."

उपाय पुस्तकातच होता. जिथे कोपरा हरवलाय तिथल्या भिंतीवर मोठा आरसा लावायचा, म्हणजे घर पुढे गेल्यासारखं वाटतं आणि कोपरा भरून निघतो. मी आरसा आणला. आरशासाठी खुर्ची हलवली. खुर्चीसाठी टेबल हलवलं. टेबलासाठी कपाट, कपाटासाठी पलंग. बांबूच्या चार कांड्यांनी आमच्या संसाराचा एकही पाय जागेवर ठेवला नाही.

आप्पा तेव्हा घरी नव्हते. आप्पा म्हणजे माझे वडील. ते काही दिवस माझ्या ताईकडे राहायला गेले होते. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. समोर लाकडी पेटी, तिच्यात अक्षरांचे शेकडो कप्पे, आणि आप्पांचा हात न बघता नेमक्या कप्प्यात. लहानपणी मी ते तासन्‌तास बघत बसायचो. स्टोअरमधली नोकरी मला मिळाली ती पदवीमुळे, पण टिकली ती आप्पांचा मुलगा असल्यामुळे, असं मला मनातून वाटतं.

"आप्पांना विचारायचं तरी," कपाटाचं दुसरं टोक धरून बायको म्हणाली.

"अगं, त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ."

"या वयात धक्के देत नाहीत माणसं," ती म्हणाली. पण कपाट अधांतरी असल्यामुळे तिला वाद वाढवता आला नाही.

आप्पा परत आले. ताईने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि ती घाईत परत गेली. आप्पा उंबरठ्यावर जरा थबकले. मी म्हणालो, "बघा बरं आप्पा, काय बदललंय?"

त्यांनी मान सावकाश एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. "छान केलंस," ते म्हणाले. "फारच छान." मग ते नेहमीप्रमाणे पावलं टाकत आपल्या खुर्चीपाशी गेले आणि ऐटीत बसले. खुर्ची तिथे नव्हती. तिथे बुटकं स्टूल होतं, आणि स्टुलावर तोंडात नाणं धरलेला, पुस्तकाने सुचवलेला तीन पायांचा भाग्याचा बेडूक. आप्पा बेडकावर बसले.

मग आप्पा शांतपणे म्हणाले, "नवी गादी जरा कडक आहे. वापरून मऊ होईल."

आम्ही दोघं हसू दाबत आत पळालो. "बघितलंस?" मी म्हणालो. "टोमणा!"

त्यानंतर टोमण्यांची मालिकाच सुरू झाली. जिथे पूर्वी खुंटी होती, तिथे मी मंजुळ वाजणाऱ्या नळ्यांचं झुंबर टांगलं होतं. आप्पांनी त्यावर सदरा अडकवला. घरभर खणखणाट झाला. आप्पा म्हणाले, "खुंटी वाजती घेतलीस ते बरं केलंस. चोर आला तर कळेल." दिवाणखान्यात मी लहानसं कारंजं ठेवलं होतं. त्यांनी आधी घरातले सगळे नळ पुन्हा पुन्हा घट्ट केले, मग आवाजाच्या मागावर येऊन कारंज्यात स्वच्छ हात धुतले. "बेसिन झकास आहे," ते म्हणाले, "फक्त फार खाली बसवलंय."

"त्यांना आवडलेलं नाही," बायको म्हणाली. "सरळ बोलत नाहीत, एवढंच."

"मग सरळ बोलावं की माणसाने!"

"तुम्ही बोलता?"

(आमच्या घरात प्रत्येक चर्चा याच प्रश्नाशी येऊन थांबते.)

मला राग आला होता, हे कबूल करायला हवं. एवढी हाडं मोडून घर सजवलं, आणि वडील माझ्या बेडकाची चेष्टा करतात! पण रागातही मी शिस्त सोडत नाही. मी पुन्हा पुस्तक उघडलं. त्यात एका ठिकाणी म्हटलं होतं की घरातलं वडीलधारं माणूस अस्वस्थ असेल तर त्याच्या पलंगाची दिशा तपासावी. तपासली. पलंग फिरवला. आता उशी दाराकडून खिडकीकडे गेली. दुसऱ्या दिवशी उठल्यावर आप्पांनी दार समजून कपाट उघडलं आणि माझ्या कोटांच्या रांगेत शिरले. आत थोडा वेळ उभे राहून बाहेर आले, आणि मला म्हणाले, "कपडे बरेच झालेत रे तुझे. देऊन टाक काही."

त्यानंतर मात्र त्यांचे टोमणे थांबले. टोमणेच नव्हे, बाहेर येणंही थांबलं. चहा खोलीत. जेवण खोलीत. वर्तमानपत्र वाचून दाखवायला बायको त्यांच्या खोलीत जाऊन बसू लागली. (रोज सकाळी सूनच त्यांना पेपर वाचून दाखवायची. "तुझ्या आवाजात बातमी बरी वाटते," असं ते म्हणायचे. या एका वाक्यावर तिने माझे पुष्कळ गुन्हे माफ केलेले आहेत.) पूर्वी आप्पा रोज सकाळी एकटे कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन यायचे. तेही बंद झालं. विचारलं की म्हणायचे, "पाय जरा जड झालेत."

मला वाटलं, रुसलेत. मीही रुसलो. दोन रुसलेली माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून होती, आणि मधे ऊर्जा सभ्य पाहुण्यासारखी हिंडत होती.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांना आग्रहाने बाहेर आणलं. हात धरून आणलं, कारण हात धरला नसता तर ते आलेच नसते. आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि चहाचं बघायला आत गेलो. थोड्या वेळाने कानावर बोलणं आलं. आप्पा अगदी अदबीने कुणाला तरी म्हणत होते, "आपण केव्हा आलात? चहा घेणार ना?"

मी बाहेर डोकावलो. कुणी नव्हतं.

मला पाहून, म्हणजे माझी चाहूल लागून, आप्पा हळू आवाजात म्हणाले, "अरे, हे गृहस्थ कोण? त्या दिवशीही इथेच बसले होते. एक शब्द बोलत नाहीत. पण माणूस सभ्य आहे. मी उठलो की तेही उठतात."

मी हसलो. अगदी पोट धरून हसलो. म्हटलं, आप्पांनी आता टोमण्यांची हद्द केली! हसता हसता त्यांच्याकडे बघितलं. ते हसत नव्हते. ते आरशाकडे बघत होते, आणि पाहुण्याची ओळख करून देण्याची वाट बघत होते.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. बेडूक, खुंटी, कारंजं, कोट, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढून गेलं. त्यात एकही टोमणा नव्हता. चुकीच्या जागी पाय पडलेला एक माणूस प्रत्येक वेळी आपली अब्रू सांभाळत होता.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो. "आप्पा, तो आरसा आहे."

त्यांनी पुढे वाकून काचेला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "असं होय. तरी म्हटलं, ओळखीचा वाटतोय."

"तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं ना. उजेड दिसतो. माणूस आलं-गेलेलं दिसतं. तोंड दिसत नाही. त्याला काय, तुमची तोंडं मला पाठ आहेत."

"कधीपासून?"

"हळूहळू झालं रे. हळूहळू जाणारी गोष्ट कधीपासून गेली, ते सांगता येत नाही."

"मग सांगायचं नाही का?" माझा आवाज उगाचच चढला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? आधी डॉक्टर. मग काठी. मग काठी नको, हात धरा. मग हात धरायला वेळ नाही, तर आप्पा तुम्ही बसूनच राहा." ते अगदी शांतपणे बोलत होते. "मला या घरात कुणाची गरज लागत नव्हती. पलंगावरून उठलं की कपाटाची कड, ती सोडली की दाराची चौकट, चौकटीपासून खुर्ची, खुर्चीतून खुंटी. डोळे मिटून जावं असं घर होतं. परत आलो, तर तू माझी सगळी पेटी पालथी केलेली. कुठल्या कप्प्यात कुठलं अक्षर, काही कळेना. तुला विचारावं, तर तू एवढ्या हौसेने केलेलं. म्हटलं, नव्याने पाठ करू. बेडकापर्यंत आलं होतं पाठ. तेवढ्यात तू पलंग फिरवलास."

बायकोने ट्रे खाली ठेवला. डोळे पुसले आणि एकदम म्हणाली, "म्हणजे पेपर वाचायला सांगायचात, ते यासाठी? माझा आवाज बिवाज काही नाही?"

"आवाज चांगलाच आहे, बाळ," आप्पा घाईघाईने म्हणाले. "अग्रलेख जरा भराभर वाचतेस, एवढंच."

डॉक्टरांकडे गेलो. आप्पा आले, कारण आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. गेलेली नजर परत येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. उरलेली औषधाने टिकवता येईल, पण थेंब नियमित घालायचे. "घरात वावरतात कसे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "उत्तम वावरत होते. मग मी घर सुधारलं." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं नाही, हे त्यांचे उपकार.

परत येताना आप्पांनी एकच विचारलं, "आता मला बसवून ठेवणार का?"

घरी आलो, बाह्या सरसावल्या आणि कपाटाला हात घातला.

घर होतं तसं परत लावायचं, हे बोलायला सोपं आहे. पण कुठे काय होतं, ते मला नेमकं आठवेना! हजारो वॉशरचा पत्ता सांगणारा मी, माझी स्वतःची खुर्ची कुठे होती हे मला सांगता येईना. शेवटी आप्पा खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि हात हवेत फिरवून सांगू लागले. "इकडे. आणखी. थांब, गेलास पुढे. वीतभर मागे ये. हां. आता सोड." त्यांचा हात रिकाम्या हवेत थांबायचा आणि आम्ही कपाटाची कड तिथे आणून लावायचो. हाताला लाकूड लागलं की त्यांचा चेहरा उजळायचा. बायको तर म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी यांना नेमकं काय करायचं ते सांगतंय आणि हे करतायत."

आरसा उतरला. मदत करणाऱ्या माणसांचा कोपरा पुन्हा हरवला. कारंजं शेजारणीकडे गेलं. तिच्या मांजरीला ते फार आवडलं.

सगळं लावून झाल्यावर आप्पा आपल्या खोलीत जाऊन पलंगावर टेकले. आम्ही दोघं दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून उभे. आप्पा उठले. कपाटाच्या कडेला बोटं नुसती टेकली. चौकटीला हातही लावला नाही. भरभर येऊन त्यांनी सदरा खुंटीला अडकवला, खुर्चीत बसले आणि पायावर पाय टाकला. कुठे थबकणं नाही, चाचपडणं नाही. बायकोने माझा दंड घट्ट धरला.

मला काही राहवलं नाही. त्यांना मिठी मारावी (आमच्या घरात ही पद्धत नाही, पण म्हटलं, आज मारू), म्हणून मी घाईने पुढे झालो. माझे पाय नव्या मांडणीला सरावलेले. नडगी टेबलावर आपटली, मी तिथून चपलांच्या कपाटावर गेलो, आणि कपाटासकट, सगळ्यांच्या चपलांसकट, आप्पांच्या पायाशी पालथा पडलो.

आप्पांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. चपला पडायच्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"सूनबाई," ते अगदी काळजीने म्हणाले, "यालाही त्या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवून आण. या वयात माणसं सांगत नाहीत."