वासुदेव घराक नाय

आमच्या शेजारच्या बाबलकाकांच्या दारात पोस्टमन "वासुदेव" अशी हाक मारतो, तेव्हा काका स्वतः बाहेर येतात, त्याला नीट न्याहाळतात आणि सांगतात, "वासुदेव घराक नाय." मग त्याच्या हातातलं पाकीट घेतात आणि सही करतात. सहीही वासुदेव अशीच करतात. मिठबावात नवीन आलेला पोस्टमन पहिले दोन महिने चक्रावतो, पुढे त्याला सवय होते.

मी गावातल्या लहानशा लॅबमध्ये रक्त तपासते. काकांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक दगडी गडगा आहे, आणि त्यावरून मी काकांना लहानपणापासून ऐकत आले आहे. काका हापूसची कलमं बांधतात. कागदावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस कलमासाठी काडी काढायला अजून स्वतः झाडावर चढतो आणि खालून कोणी जपून म्हटलं, की त्याच्यावरच खेकसतो.

गेल्या वर्षी मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या. माणसाचं कागदावरचं वय वेगळं आणि अंगातलं वय वेगळं, आणि त्या आतल्या वयाच्या खुणा रक्तात सापडतात, असं त्यांचं म्हणणं. आशियातल्या निरनिराळ्या लोकांच्या या खुणा त्यांना शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या होत्या. त्यात जपानी होते, चिनी होते, आणि आमचे मिठबावचे म्हातारेही होते. रक्त काढायला गावातलं माणूस हवं म्हणून मला बोलावलं.

शाळेत शिबिर भरलं. मी यादीतून "वासुदेव" असं तीनदा पुकारलं. काका पहिल्याच बाकावर बसून माझ्याकडे शांतपणे पाहत होते. चौथ्यांदा "बाबलकाका" म्हटलं तेव्हा उठले. "ह्या आदीच सांगूक काय झाला होता गो तुका?"

बाईंनी आतल्या वयाचं समजावून सांगितलं. कलमं बांधणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये. काका म्हणाले, "बाय, माका एक सांग. कलमाचो खुंट कोयीतसून रुजवलेलो, दोन वर्सांचो. तेच्यार बांधलेली काडी शंभर वर्सांच्या झाडाची. तर कलमाचा वय खयसून मोजूचा?"

 "हे मलाही नीट सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. काकांना त्या एकदम पसंत पडल्या. आपल्याला सांगता येत नाही असं कबूल करणारा डॉक्टर त्यांना आजवर भेटला नव्हता.

मग जन्मतारीख. आमच्याकडे हा नाजूक विषय आहे. जुन्या मास्तरांनी निम्मं गाव एक जूनला जन्माला घातलंय. म्हणून बाई प्रत्येकाला खोदून विचारत होत्या, तारीख खरी ना? ती चुकली तर पुढचं सगळं गणित चुकणार. काकांनी क्षणभर खाली पाहिलं. "कागदार आसा ता लिव," म्हणाले. मी लिहिलं.

त्या दिवसापासून काकांच्या आयुष्यात एक जपानी आला. तो कोण, कुठला, काही ठाऊक नाही, पण काकांच्याच वयाचा आणि काकांच्या वाईटावर. सकाळी काका पेज जेवता जेवता गडग्यावरून विचारत, "तो जपानी काय खाता गो?" मासे खात असेल, मी म्हटलं. "मासे आमीव खातंव," म्हणाले, पण त्या दिवशी दुप्पट बांगडे आणले. शिबिरात हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावलं होतं. काका ते रोज करू लागले, तेही अंगणात, रस्त्यावरून दिसेल असं. तिथलं पकड मोजायचं यंत्र घरी नव्हतं, म्हणून भेटेल त्याचा हात दाबत. माझा दाबला तेव्हा मला दोन दिवस सुई नीट धरता येईना. आणि दर सोमवारी एकच चौकशी, "माझा रगात खंय पोचला?"

काही महिन्यांनी बाई निकाल घेऊन आल्या. काकांचं अंग कागदापेक्षा चार वर्षांनी तरुण निघालं. हा अंदाज आहे, असं बाईंनी दोनदा बजावलं. काकांनी 'अंदाज' तिथेच टाकला आणि बाकीचं घेऊन बाजारात गेले. संध्याकाळपर्यंत एसटीच्या कंडक्टरलाही कळलं, की बाबलकाकांनी जपानला हरवलं. कितीने, असं कोणी विचारलं की काका चार बोटं वर करत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायला गेले तर काका पायरीवर बसलेले.

"बाय गेली काय गो?"

"दुपारी जातली. कित्याक?"

"तीन वर्सां वजा कर. ती माझी न्हय, भावाची."

काकांना भाऊ होता हे मला माहीतच नव्हतं. मी त्यांना आत नेऊन बसवलं.

"माज्यापेक्षा तीन वर्सांनी मोठो," काका म्हणाले. "माज्या जल्माच्या आदीच तापान गेलो. बापूस माका शाळेत घालूक गेलो, तेवा घरात जल्माचो एकच कागद होतो. तेचो. मास्तरान तोच लावल्यान. तारीख तेची, नावय तेचा. आवशीन मरापर्यंत माका त्या नावान हाक मारल्यान नाय. तो खुंट, मी वयली काडी."

"इतकी वर्सां बोलाक नाय, मगे आताच कित्याक?"

"तो जपानी खऱ्या वयान म्हातारो झालो. तेका फसवूचा नाय." मग एक बोट वर केलं. "चारातला ह्या एक माझा. ता ठेव."

मी फॉर्म काढला आणि अठ्ठ्याहत्तरचे पंचाहत्तर केले. काका माझ्या पेनाकडे पाहत होते.

"ती तीन वर्सां खंय लिवलंस?"

फॉर्मात त्यांना जागा नव्हती. स्वतःच्या जन्माआधीच गेलेल्या भावाचं वय हा माणूस शाळेत गेल्यापासून आपल्या अंगावर वाढवत आला होता, आणि मी ते एका रेघेत खोडलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"शेऱ्यात लिवतंय," मी म्हटलं. "भावाचा नाव काय?" विचारलं आणि जीभ चावली.

"वासुदेव," काका म्हणाले. "आधारकार्डार आसा ता तसाच रवांदे हां. तेवढोच तो उरलो आसा."

शेऱ्याच्या ओळीत मी लिहिलं, वासुदेव, तीन वर्षं मोठा. बाईंच्या गणितात ते कुठे बसलं कोण जाणे. दुपारी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं, खोडलं मात्र नाही.

परवा पोस्टमन आला, हाका मारून दमला. काका मागे कलमांपाशी होते. मी गडग्यावरून सांगितलं, "वासुदेव घराक नाय. बाबलकाका आसत. थांब, बोलावतंय."