येते आणि जाते

कार्यालयातील प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत पूर्वग्रहमुक्त व्हावे, असे परिपत्रक आले. त्यासाठी आंतरसांस्कृतिक संवादाचा तीन दिवसांचा अभ्यासवर्ग झाला आणि शेवटी एक तक्ता हाती आला: ‘आढळून आलेला स्वतःचा पूर्वग्रह’.

मी ‘निरंक’ लिहिले.

“ताई, निरंक चालत नाही,” आस्थापना शाखेचे भाऊसाहेब म्हणाले. “किमान एक पाहिजे. साहेबांनासुद्धा सापडेना. शेवटी त्यांनी माझा उतरवून घेतला.”

“आणि तुम्हाला कसा सापडला?”

“बायकोला विचारलं. पुरवणी जोडावी लागली.”

त्याच टेबलावर माझी दुसरी फाइल होती. माझ्या हाताखालच्या नव्या अनुवादिकेला कायम करावे की नाही, यावरचा शेरा. ती परभाषिक, पुस्तकातून मराठी शिकलेली. मी लिहिले होते: ‘संवादकौशल्य असमाधानकारक.’ एवढ्यावर तिची नोकरी जाणार होती.

“असं केलं तरी काय तिनं?”

बाबा आजारी असताना ती घरी आली होती. त्यांच्याबरोबर तासभर शब्दकोड्यात डोके घालून बसली आणि उठताना स्वच्छ म्हणाली, “काका, जाते मी.” निरोप घेताना ‘येते’ म्हणायचे, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळते. चौथ्या दिवशी शस्त्रक्रियेत बाबा गेले. समाचाराला आली तोवर तिने कुणाला तरी विचारून चूक सुधारली होती. निघताना म्हणाली, “येते हं!” नेमके तिथे ते म्हणायचे नसते. आत्याने कपाळाला हात लावला.

भाऊसाहेबांनी सगळे ऐकून घेतले. “आणि बाबा? आत नेताना काय म्हणाले?”

“‘येतो’ म्हणाले.”

व्याकरण, रिवाज, उच्चार, कशातही चूक नव्हती.

भाऊसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग फाइल पुढे सरकवली. “खाडाखोड चालेल. बाजूला सही करा फक्त.”

मी एक ‘अ’ खोडला. तक्त्यात लिहिले: ‘येतो म्हणणारी माणसे येतात, असे वाटणे.’

ती कायम झाली. संध्याकाळी माझ्या टेबलाशी घुटमळली. “ताई, आता येते म्हणू की जाते?”

“काहीही म्हण. उद्या ये म्हणजे झालं.”

माझा तक्ता मात्र ‘पूर्वग्रह सांस्कृतिक नसून खासगी आहे’ या शेऱ्यासह परत आला. सोबत जोडलेली कोरी प्रत माझ्याकडे पडून आहे. ती मुलगी मूळची नेमकी कुठली, हे मघापासून तुमच्या ओठांवर आहे ना? मग ही प्रत तुम्हीच घ्या. निरंक चालत नाही.